निम्मं घर

कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटत असतं आणि तोवर जगातल्या प्रत्येक गोष्टीवर प्रत्येकाचं मत सांगून होतं. गेल्या वर्षीही सतरंज्या पसरल्या होत्या, पातेल्यातून वेलदोडा-जायफळाचा वास येत होता, शेजारच्या पटेलांकडून दूध-पौंव्याचं भांडं झाकून आलं होतं आणि खाली पोळात शरदपुनमेच्या गरब्याचा ढोल चालू होता. महापालिकेपासून सुरुवात झाली. विश्वामित्रीचा पूर, खणून ठेवलेले रस्ते, मग दिल्ली, मग अमेरिका. भाचा चिन्मय फोनला तोंडी प्रश्न विचारत होता आणि फोन स्वच्छ मराठीत उत्तरं देत होता. आणखी दहा वर्षांनी डॉक्टरकडे जायची गरजच उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणाली, फोन नाडी कशी बघेल? मला अशा गप्पा मनापासून आवडतात. मत मांडायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, दुधाचा घोट घ्यायचा. कुणाला काही सिद्ध करायचं नसतं.

मग बापूकाका बोलले. ते वडिलांचे चुलतभाऊ, आमच्याच पोळात दोन घरं सोडून राहतात, वय ऐंशीच्या पुढे. इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसले होते. म्हणाले, "लस काय, औषध काय, सगळं सरकारचं गणित. त्यात आकडे असतात, माणसं नसतात." मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. असं वाक्य वर्गात मी कधी तसंच जाऊ दिलं नाही, त्या रात्रीही दिलं नाही. म्हटलं, "काका, लांब कशाला जायचं, आपल्या उंडेऱ्याचंच घ्या." आणि सांगायला लागले. १८९८ साल, प्लेगची साथ. प्लेगची लस शोधणारा हाफकिन मुंबईहून बडोद्याला आला आणि शहराबाहेरच्या उंडेऱ्यात प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना त्याने लस टोचली, निम्म्यांना टोचली नाही. ज्या २८ घरांत पुढे प्लेग शिरला, त्या घरांत टोचलेले होते ७१, त्यांतले दगावले ३. न टोचलेले होते ६४, त्यांतले गेले २६. चिन्मय फोन खाली ठेवून ऐकत होता. "तीन आणि सव्वीस," मी परत म्हटलं, फळ्यावर लिहून खाली रेघ मारावी तसं.

काकांनी विचारलं, "त्या निम्म्यांत कोण कोण, हे कुणी ठरवलं?"

"मुद्दा तो नाही, काका."

"बरं," ते म्हणाले. पेला खाली ठेवला, कठड्याला धरून उठले आणि जिन्याच्या भिंतीला हात लावत खाली गेले. थंडी वाजत असेल, असं कुणीतरी म्हणालं. गप्पा पुढे क्रिकेटवर गेल्या. आवराआवर करताना त्यांचा पेला माझ्या हातात आला. दूध तसंच होतं, वर जाड साय धरली होती.

तो प्रश्न त्यानंतर बरेच दिवस माझ्या मागे होता. भाजी निवडताना, रावपुऱ्यात रिक्षाची वाट बघताना, मध्येच ऐकू यायचा. मी उंडेऱ्याची गोष्ट किती वर्षं सांगत आले आहे! दहावीच्या वर्गात लसीकरणाचा धडा आला की मी पुस्तक मिटायचे आणि मुलांना म्हणायचे, जगाच्या वैद्यकाच्या इतिहासातलं एक पान आपल्या गावाबाहेर लिहिलं गेलंय, सिटी बसने जाता येईल एवढ्या अंतरावर. मुलांचे डोळे मोठे व्हायचे. मलाही दरवेळी अभिमान वाटायचा. पण इतक्या वर्षांत एकाही मुलाने काकांचा प्रश्न विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. मुलं विचारायची, मग पुढे काय झालं? मी सांगायचे, लस खरी ठरली.

हाफकिनबद्दल माझ्या मनात आधीपासून एक हळवा कोपरा आहे. ओडेसाचा ज्यू माणूस, शिकलेला प्राणिशास्त्र, हाती वैद्यकाची पदवी नाही. १८९६ च्या शरदात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि सरकारने त्याला बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे त्याने मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले, आणि त्यांना धरून वाढायला आधार हवा म्हणून वर तूप सोडलं. साधं तूप, आपल्या फडताळात असतं ते. तुपाच्या थेंबांना लोंबकळत जंतूंचे झुबके खाली उतरायचे, मग ते तापवून मारायचे आणि तयार झालेला गढूळ द्रव म्हणजे लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने पहिली मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, ते सगळं त्याने निमूट सोसलं. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा आवाज थोडा कापायचा, अजूनही कापतो.

निम्मं घर टोचायचं आणि निम्मं सोडायचं, यामागचा त्याचा विचारही मला पूर्ण समजतो. एका गावाला लस दिली, दुसऱ्याला दिली नाही, तर उद्या कुणीही म्हणेल की त्या गावचं पाणी वेगळं, हवा वेगळी, जात वेगळी. एकाच छपराखाली राहणारे, एकाच हंड्यातलं पाणी पिणारे, एकाच जमिनीवर निजणारे लोक घेतले की असं म्हणायला जागाच उरत नाही. आणि १८९८ च्या त्या फेब्रुवारीत प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हेसुद्धा कुणी दाखवलेलं नव्हतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने ते कराचीत दाखवलं त्याच वर्षीच्या जूनमध्ये, आणि तेव्हाही लोक लगेच विश्वास ठेवायला तयार नव्हते. रोग कुठून येतो ते ठाऊक नसताना तो अडतो की नाही हे बघायचं असेल, तर याहून चोख रीत कुठली? म्हणूनच त्याने पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांतून सारखी वाटणी केली.

पण वाटणी त्याच्या कागदावर झाली आणि ती अमलात आली कुणाच्या तरी अंगणात. आतापर्यंत मी ती गोष्ट नेहमी टेबलाच्या बाजूने बघत होते, जिथे पिचकारी आणि नोंदवही आहे. काकांच्या प्रश्नाने मला समोरच्या रांगेत नेऊन उभं केलं. घरात पाच माणसं. आजी, आई, बाप, दोन पोरं. साहेब म्हणतो, दोघं-तिघं पुढे या. लस म्हणजे काय ते त्या घराला माहीत नाही. पिचकारीतलं औषध तारणारं आहे की मारणारं, कुणास ठाऊक. अशा वेळी माणूस कुणाला पुढे करतो? जे लाडकं असेल त्याला पुढे करतो की मागे ओढतो? मला वाटतं, त्या दिवशी उंडेऱ्यात कितीतरी आयांनी पदराआड लपवलं असेल ते नेमकं सगळ्यांत लाडकं लेकरू. आणि पुढच्या काही आठवड्यांत ६४ तले २६ गेले.

आमच्या घरात आजीच्या तोंडी एक शिवी होती, "तुला करंटीनात घालीन." करंटीन म्हणजे साथीत रोग्यांना वेगळं ठेवायची सरकारी जागा. शिवी तिला तिच्या सासूकडून आली होती आणि सासूचं माहेर पुण्याचं. १८९७ मध्ये पुण्यात घराघरांत शिरून गोरे शिपाई रोगी शोधत होते, गाठ आहे का बघायला बायकांना चारचौघांत तपासत होते, सामान रस्त्यावर आणून जाळत होते. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. पणजी तेव्हा लहान होती. तिला कणगीत बसवून वर गोणपाट टाकलं होतं, एवढंच ती सांगायची. कणगीतला दाण्यांचा भुसभुशीत वास आणि गोणपाटाच्या भोकांतून दिसलेले बूट. मी लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती शिपायांपासून लपण्याची गोष्ट वाटली. शिकले, शिक्षिका झाले, तेव्हा ती अडाणीपणाची वाटली, की बघा, रोग पसरत होता आणि लोक रोगी लपवत होते. आज वाटतं, दोन्ही खरं होतं. रोगी वेगळा ठेवायलाच हवा होता, आणि ज्या घराची अब्रू रस्त्यावर आणली त्या घराने पुढे कुठल्याही सरकारी माणसावर विश्वास तरी का ठेवावा? साथरोगाचा तो १८९७ चा कायदा २०२० च्या मार्चमध्ये पुन्हा लागू झाल्याचं पेपरात वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कणगी आठवली, कलमं नंतर.

अविश्वासाला कधीकधी खरं कारणही मिळतं. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस दिली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. एकाच बाटलीतून टोचलेले होते ते. ठपका हाफकिनवर आला, त्याला कामावरून दूर केलं गेलं. ती चूक त्याच्या प्रयोगशाळेतली नव्हती, बाटली गावात उघडताना दूषित झाली असली पाहिजे, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. ज्याने पहिली सुई स्वतःला टोचली त्या माणसाची ऐन उमेदीची पाच वर्षं अशी गेली. मला याचं फार वाईट वाटतं. पण मुलकोवालच्या त्या घरांत पुढे तीन पिढ्या कुणी सुईला हात लावू दिला नसेल, तर त्यांना मी काय फळ्यावर लिहून दाखवणार होते?

रावपुऱ्याच्या टॉवरखालून जाताना हल्ली मी थांबते. बडोद्यात वाढलेल्या माणसाला तो टॉवर म्हणजे भेटायची खूण. "टॉवरपाशी ये" म्हटलं की झालं. घड्याळाकडे बघायचं, रिक्षावाल्याशी घासाघीस करायची, पुढे चालायचं. तो चिमणाबाईंच्या नावाचा आहे, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीच्या. १८८५ मध्ये क्षयाने गेल्या, तेव्हा त्या विशीतल्याच होत्या. टॉवर उभा राहिला १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उतरला त्याच साली. ज्या राजाने अजव्याचं पाणी नळाने शहरात आणलं, ज्याने सक्तीचं शिक्षण आणलं, त्याच्या घरातल्या तरुण बाईला वाचवायला जगात कुठेच औषध नव्हतं. ते निघालं १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिन.

आणि ते औषध खरंच क्षयावर चालतं का, हे ज्या प्रयोगाने ठरलं त्यातही निम्मे होतेच. युद्धानंतरचं इंग्लंड, डॉलरचा तुटवडा, औषध अगदी थोडं. सगळ्यांना पुरणारच नव्हतं. तेव्हा त्यांनी १०७ रोगी घेतले आणि कुणाला औषध, कुणाला नुसती अंथरुणातली विश्रांती, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर सोडलं. डॉक्टरने निवडायचं नाही, रोग्याने मागायचं नाही, नातलगाने हात जोडायचे नाहीत. पाकीट फोडायचं, आत असेल ते करायचं. सहा महिन्यांनी औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले होते, दुसऱ्या ५२ पैकी १४. १९४८ मध्ये हे छापून आलं आणि तेव्हापासून औषध पारखायची हीच रीत जगभर झाली. आता पाकिटांच्या जागी संगणक आहे. आपल्याकडे कोव्हॅक्सिनची तिसरी चाचणी झाली, त्यात २५,८०० माणसं होती, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं लशीसारखं दिसणारं पाणी. चिन्मयला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, मशीनने ठरवलं हे बरं ना, कुणाच्या मनाला लागत नाही." मी त्यावर बराच विचार केला. तो चुकीचं बोलला नव्हता. चिठ्ठीची सगळ्यांत मोठी दया हीच असावी, की तिने ठरवलेलं कुणाच्या माथी येत नाही.

आणि तिथेच मला २०२१ चा मार्च आठवला. आठवला म्हणजे मी तो इतके दिवस बाजूला ठेवला होता, तो आपणहून समोर आला.

साठीच्या वरच्यांना लस मिळायला लागली त्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला होता. त्या काहीही विचारायचं असलं की मला करायच्या. मी विज्ञानवाली. "नंदू, आम्ही दोघं जाऊन येऊ का गं?" मी माळ्यावरचं काहीतरी काढत होते, फोन खांद्याने कानाशी धरला होता. म्हटलं, "जा की. पण दोघांनी एकदम नका घेऊ. ताप येतो म्हणतात एक-दोन दिवस. दोघंही पडलात तर बघायला कोण? एकाने आधी घ्या, आठवड्याने दुसऱ्याने." अगदी रास्त सल्ला. आमच्या ओळखीत कितीतरी घरांत असंच केलं. काकांनी घेतली. त्यांना दोन दिवस ताप आला. मग काकू म्हणाल्या, हे जरा सावरू देत. मग शिमगा आला, मग लस संपल्याची पाटी लागली, मग पाडव्यानंतर बघू असं ठरलं. पाडवा १३ एप्रिलला होता. काकूंना खोकला सुरू झाला तो त्याच्या चार दिवस आधी.

त्या एप्रिलचं मी लिहिणार नाही. ज्याने बघितला त्याला सांगायला नको. खाटेसाठी केलेले फोन, रात्री दोनला आलेले फोन. काकांना शेवटचं दर्शनही लांबून झालं, निळ्या पिशवीची चेन आधीच लावलेली. एक मात्रा आधी मिळाली असती तर काकू वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही. कुठलाही शास्त्रज्ञ म्हणणार नाही. आकडे पुष्कळ माणसांबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल बोलत नाहीत. पण कोजागिरीच्या रात्री मी त्या माणसासमोर उभी राहून अभिमानाने सांगत होते, की प्रत्येक घरातल्या निम्म्यांना टोचली आणि निम्म्यांना नाही. तीन आणि सव्वीस. आणि त्यांनी विचारलं, कुणी ठरवलं?

मध्ये एकदा मी उंडेऱ्याला जाऊन आले. कशासाठी गेले ते मला नीट सांगता येणार नाही. शहर आता तिथवर येऊन पोचलंय, नव्या सोसायट्या, तळं, त्याच्या काठचं देऊळ, आणि आभाळात रिफायनरीची ज्योत. हवेला थोडा उग्र वास. एका ओट्यावर म्हातारी बाई मेथी निवडत बसली होती. मी उगाच रस्ता विचारला, तिने उगाच पाणी दिलं. प्लेगचं काही विचारावं असं मनात होतं, पण तिच्या अंगणात तीन-चार पोरं सायकलवरून गोल गोल फिरत होती आणि माझ्याच्याने विचारवलं नाही. पाणी पिऊन परत आले.

दिवाळी झाल्यावर अनारश्यांचा डबा घेऊन काकांकडे गेले. दुपारची वेळ. ते हिंचक्यावर बसले होते, कड्या कुरकुरत होत्या, समोर आवाज बंद करून बातम्या लावलेल्या. मी शेजारी बसले. अनारसा त्यांनी मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मग मी म्हटलं, "काका, तेव्हा काकूंना फोनवर मी सांगितलं होतं, दोघांनी एकदम नका घेऊ म्हणून."

"हो, म्हणाली होतीस." त्यांनी माझी समजूत घातली नाही. मला ते बरं वाटलं.

हिंचका थोडा वेळ तसाच हलत राहिला. मग ते म्हणाले, "तुझा फोन झाल्यावर आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. तिनेच कॅलेंडरचा कागद फाडला, दोन पुड्या केल्या, देवासमोर वाटीत ठेवल्या. उचललीही तिनेच. तिचं नाव निघालं."

त्यांनी पाय टेकून हिंचका थांबवला.

"मी म्हटलं, तू नको. नवीन औषध आहे, काय होतंय कुणाला माहीत. आधी मी घेऊन बघतो. व्हायचं ते मला होऊ दे."

मी काही बोलले नाही. बातम्यांतली माणसं हातवारे करत होती.

"ती हसली," काका म्हणाले. "म्हणाली, मग चिठ्ठ्या कशाला टाकल्या?"